ऊब आणि भुंकणे

२०२२ सालच्या जून महिन्यात घरच्यांच्या आग्रहाखातर '७७७ चार्ली' हा कन्नड चित्रपट बेळगावात जाऊन पाहिला. आमची मंडळी कोल्हापूरकडची. लग्नाला इतकी वर्षे झाली तरी तिचे कन्नड भाजीबाजाराच्या पुढे सरकलेले नाही. त्यामुळे अशा वेळी दुभाष्याचे काम माझ्याकडे येते. पडद्यावर कोणी काही बोलले की मी हळूच तिच्या कानाशी मराठी करायचे, आणि मागच्या रांगेतल्यांनी 'शू' करायचे, असा आमचा शिरस्ता. त्या दिवशी मात्र अर्ध्या तासातच तिने मला थांबवले. म्हणाली, ''आता सांगू नका, कळतंय.'' पडद्यावर त्या वेळी एक माणूस आणि एक कुत्री एवढीच दोघे होती.

चित्रपट संपला तेव्हा चित्रपटगृहातल्या निम्म्या बायकांचे पदर डोळ्यांना होते, आणि पुरुषांना एकाएकी चष्म्याच्या काचा पुसाव्याशा वाटत होत्या. त्यात मीही होतो. त्या वेळचे मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांनाही तो पाहताना रडू आवरले नाही, हे वर्तमानपत्रांतून सर्वांनी वाचले आहे. त्यांचा स्वतःचा कुत्रा त्याच्या आदल्या वर्षी गेला होता. पुढे ६९ व्या राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट कन्नड चित्रपटाचा मानही त्याला मिळाला. इतके सगळे असताना घरी परतताना मी गप्प होतो. कन्येने विचारले, ''बाबा, आवडला नाही का?'' आवडला होता. पण डोळ्यांतून पाणी काढणारी प्रत्येक कलाकृती आपल्याला पटलेली असतेच असे नाही. काय पटले नाही ते तेव्हा सांगता आले नाही. या लेखाच्या निमित्ताने ते सांगण्याचा प्रयत्न करतो.

चित्रपटाची गोष्ट आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक असेल. धर्म नावाचा एक कारखान्यातला कामगार. लहानपणीच अपघातात घरची माणसे गेलेली. काम, दारू, सिगारेट, इडली आणि चार्ली चॅप्लिनचे चित्रपट एवढेच त्याचे जग. शेजारपाजारच्यांशी पटत नाही. या माणसाच्या आयुष्यात एक लॅब्रॅडॉर कुत्री शिरते. आधी तो तिला हाकलतो, मग सांभाळतो, मग तिच्यात गुंततो. तिला असाध्य रोग झाल्याचे कळल्यावर बर्फ दाखवण्यासाठी तो तिला घेऊन उत्तरेकडे निघतो.

पूर्वार्धात कुत्री कुत्र्यासारखी वागते. घर घाण करते, नासधूस करते, नको तिथे तोंड घालते. धर्माचा वैताग खरा वाटतो, म्हणून त्याचा जिव्हाळाही खरा वाटतो. उत्तरार्धात मात्र तिचे कुत्रेपण हळूहळू पुसले जाते आणि उरतो तो धर्माच्या दुखऱ्या मनावरचा एक गोंडस, सोनेरी केसांचा लेप. दूरदर्शन संचावर बर्फ दिसले की ती उड्या मारते, यावरून 'तिला बर्फात जायचे आहे' असे धर्म ठरवतो. आता ही इच्छा कुत्रीची, की घराबाहेर पडायला निमित्त शोधणाऱ्या धर्माची? एवढा एक प्रश्न दिग्दर्शक किरणराज यांनी विचारला असता तर चित्रपट कुठल्या कुठे गेला असता. तो विचारला गेला नाही. धर्माने कल्पिले ते आम्हीही खरे मानावे, अशी अपेक्षा ठेवली गेली. पैशासाठी जवळच्या नात्यात कुत्र्यांची पैदास करणाऱ्यांबद्दल चित्रपटाने जे सुनावले आहे ते मात्र रोखठोक आहे, आणि त्याचे श्रेय द्यायलाच हवे.

कुत्रा पाळणारा माणूस त्याच्याशी बोलतो, त्याची उत्तरे स्वतःच कल्पितो आणि त्या उत्तरांनी स्वतःला सावरतो. सकाळचा राग, दुपारची मानहानी, संध्याकाळचा एकटेपणा हे सगळे तो त्या मुक्या प्राण्याच्या अंगावर हात फिरवत पचवतो. यात हसण्यासारखे काही नाही. साहित्याने या व्यवहाराकडे कसे पाहिले, हा माझा विषय आहे. आणि त्या दृष्टीने मला नेहमी आठवते ती प्रेमचंदांची 'पूस की रात'. ही १९३० सालची कथा. आपल्या सीमाभागात हिंदी ही शाळेतली तिसरी भाषा म्हणून आलेली असते आणि परीक्षेबरोबर निघून जाते. पण या एका कथेसाठी तरी ती टिकवून धरावी.

हल्कू हा गरीब शेतकरी. घोंगडी घेण्यासाठी मजुरीतून पैपै साठवलेले तीन रुपये वसुलीला आलेल्या माणसाला द्यावे लागतात. बायको मुन्नी चिडते. असली शेती सोडून का देत नाही, असे विचारते. हल्कूजवळ उत्तर नसते. मग पौषातली रात्र. शेताच्या बांधावर उसाच्या पाल्याचे छप्पर, त्याखाली बाज, अंगावर एक जाडीभरडी चादर, आणि बाजेखाली कुडकुडणारा जबरा नावाचा कुत्रा.

हल्कू जबराशी बोलू लागतो. थंडी वाजते ना, घरी पेंढ्यावर पडून राहायचे सोडून इथे कशाला आलास, आता भोग, अशा अर्थाचे तो बोलतो. वाचणाऱ्याच्या लक्षात येते की ही सगळी मुन्नीने हल्कूला ऐकवायची बोलणी आहेत. ती तो जबराला ऐकवतो आहे. बायकोसमोर जी लाज गिळली ती इथे बाहेर पडते. चिलमीवर चिलीम ओढूनही थंडी हटत नाही, तेव्हा तो जबराला उचलून कुशीत घेतो. कुत्र्याच्या अंगाला दुर्गंधी येते हे प्रेमचंद सांगायला विसरत नाहीत. या एका तपशिलासाठी मी त्यांना नमस्कार करतो. दुसऱ्या कोणी लेखकाने त्या रात्रीपुरता कुत्रा धुऊन घेतला असता. दुर्गंधी असतानाही हल्कूला जे सुख मिळते ते त्याने महिनोन्महिने अनुभवलेले नसते. जबरालाही वाटत असावे की स्वर्ग तो हाच. आणि इथेही प्रेमचंद 'असावे' एवढेच म्हणतात.

पुष्कळ लेखक इथे थांबले असते. गरीब माणूस, मुका प्राणी, एकमेकांची ऊब. गोष्ट पूर्ण, वाचक सद्‍गदित. पण प्रेमचंदांची कथा इथून पुढे सुरू होते. कुशीत पडलेल्या जबराला कसली तरी चाहूल लागते आणि तो ती ऊब झटकून बाहेर जाऊन भुंकू लागतो. पुढे हल्कू आमराईतला पालापाचोळा गोळा करून शेकोटी करतो, जबराबरोबर पोरासारखा खेळतो, विझत्या शेकोटीवरून उडी मारतो. मग पुन्हा जबरा शेताकडे धावतो. नीलगाईंचा कळप शिरला आहे. चरण्याचा आवाज हल्कूच्या कानावर येतो. आणि हल्कू स्वतःची समजूत घालतो की जबरा असताना शेतात जनावर येणेच शक्य नाही. दोन-तीन पावले जातो, वारा झोंबतो, परत येऊन राखेजवळ बसतो. जबरा घसा फाटेपर्यंत भुंकत राहतो. हल्कू चादर ओढून झोपतो.

सकाळी मुन्नी येते तेव्हा शेत साफ झालेले असते आणि जबरा छपराखाली प्राण गेल्यासारखा पडलेला असतो. हल्कू पोटदुखीची सबब सांगतो. आता मजुरी करून सारा भरावा लागेल, असे ती म्हणते. त्यावर हल्कूच्या तोंडावर समाधान दिसते: रात्री थंडीत इथे झोपावे तर लागणार नाही!

मी वर्गात ही कथा तीन-चार वेळा सांगितली असेल. हिंदीचे शिक्षक रजेवर असले की मला निमित्त मिळते. दर वेळी पोरे शेवटाला हसतात, आणि मग एखादा पोरगा विचारतो, ''मग जबराचं काय झालं, सर?'' खरा समीक्षक तोच, असे मला वाटते. कारण कथेत जबराने दोन गोष्टी केल्या. ऊब दिली आणि तो भुंकला. हल्कूने ऊब घेतली आणि भुंकणे ऐकूनही न ऐकल्यासारखे केले. प्रेमचंदांनी हल्कूला दोष दिलेला नाही. ज्या माणसाला राखण्यासाठी स्वतःचे असे काही उरलेलेच नाही त्याने कशासाठी उठावे, हा त्यांचा सवाल आहे. पण कुत्र्याच्या सोबतीत या दोन्ही गोष्टी असतात हे त्यांनी पक्के ठाऊक ठेवले. '७७७ चार्ली'च्या उत्तरार्धाबद्दल माझी तक्रार हीच. तिथे ऊब भरपूर आहे. भुंकणे कोणी तरी बंद केले आहे.

ही कसोटी घेऊन जरा बाहेर फिरून येऊ. चेखॉव्हची १८८६ सालची एक कथा आहे, तिच्या रशियन नावाचा अर्थ 'व्यथा' असा काहीसा होतो. तीत कुत्रा नाही, घोडी आहे. आयोना हा घोडागाडीवाला. त्याचा तरणा मुलगा त्याच आठवड्यात वारला आहे. दिवसभरात भेटेल त्या गिऱ्हाइकाला तो हे सांगू पाहतो. लष्करी अधिकारी ऐकत नाही, दारू पिऊन आलेली तीन पोरे ऐकत नाहीत, दाराशी बसलेला राखणदार हाकलतो, मुक्कामाच्या जागी शेजारी झोपलेला तरुण गाडीवाला तोंडावर पांघरूण घेतो. शेवटी तो तबेल्यात जातो आणि घोडीला म्हणतो की समज, तुला शिंगरू असते आणि ते मेले असते, तर? घोडी चारा चघळते, त्याच्या हातांवर श्वास सोडते. एवढेच. ती ऐकते असे आयोनाला वाटते. आपल्याला मात्र तिच्यापेक्षा न ऐकणारी माणसेच जास्त दिसतात.

तुर्गेनेव्हची 'मूमू' त्याहून आधीची, १८५४ साली छापलेली. गेरासिम हा धिप्पाड भूदास जन्मतः मुकाबहिरा. जिच्यावर त्याचा जीव होता त्या परटिणीचे लग्न मालकिणीने एका दारुड्याशी लावून दिले. तिला निरोप देऊन परतताना नदीकाठच्या चिखलात त्याला एक पिल्लू सापडते. त्याच्या घशातून निघू शकणारा जो एक आवाज, तेच त्या पिल्लाचे नाव होते: मूमू. या नावापुढे मला प्राणिप्रेमाच्या सगळ्या कविता फिक्या वाटतात. पुढे मालकिणीच्या लहरीपायी गेरासिमला त्या कुत्रीला स्वतःच्या हाताने बुडवावे लागते, आणि ते केल्यावर तो गाठोडे उचलून, कोणाला न विचारता, आपल्या खेड्याकडे चालू लागतो. लग्न मोडले तेव्हा जो गप्प राहिला तो आता निघाला. अशा गोष्टींना दिलासा म्हणत नाहीत. पण माणूस जागचा हलला.

व्हर्जिनिया वुल्फ यांनी १९३३ साली 'फ्लश' लिहिले ते एलिझाबेथ बॅरेट या कवयित्रीच्या कुत्र्याचे चरित्र म्हणून. ही बाई आजारी, लंडनमधल्या एका खोलीत वर्षानुवर्षे कोचावर पडून, डोक्यावर करड्या स्वभावाचा बाप. मैत्रिणीने भेट दिलेला फ्लश हाच तिचा सोबती. आपण रडत असताना हा केसाळ चेहरा उशीशी आला, यावर तिने स्वतः एक सुनीतही लिहिले आहे. वुल्फ यांचे मोठेपण असे की या दोघांच्या जवळिकीचे वर्णन करतानाच त्या दोघांमधली दरीही दाखवतात. ती बोलू शकते, हा मुका. ती बाई, हा कुत्रा. दोघे एकमेकांच्या डोळ्यांत बघतात आणि जे दिसते ते अर्धेच कळते. १८४६ च्या सप्टेंबरात चोरांनी फ्लशला पळवून नेले. खंडणी देऊ नये असे बापाचे मत, भावांचे मत, आणि ज्याच्याशी तिचे गुपचूप लग्न ठरले होते त्या रॉबर्ट ब्राउनिंगचेही तेच मत. त्या सगळ्यांना झुगारून कोचावरची ही बाई उठली आणि बग्गीत बसून चोरांच्या वस्तीत गेली. त्यानंतर काही दिवसांतच तिने ते लग्न केले आणि घर सोडले. वुल्फ हे सांगताना कुठेही म्हणत नाहीत की कुत्र्याने तिला धैर्य शिकवले. एवढा संयम आपल्याकडच्या लेखनात आला तर किती बरे होईल.

इथे कोणी म्हणेल की कुत्र्याला सगळे कळते, गुरुजी, तुम्ही पाळून तर बघा. मी कुत्रा पाळलेला नाही हे खरे. आमच्या आजोळी एक होता, तो 'ये' म्हटले तरी येई आणि 'बा' म्हटले तरी येई. सीमाभागातला कुत्रा दोन्ही राज्यांचा असतो. पण या 'कळण्या'वर शास्त्रज्ञांनीही काम केले आहे. अमेरिकेत अलेक्झांड्रा हॉरोविट्झ यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, खाऊ नको म्हणून बजावलेला खाऊ कुत्र्याने खाल्ला की नाही याबद्दल मालकाला कधी खरे सांगितले, कधी खोटे. कुत्र्याचा तो ओळखीचा अपराधी चेहरा खाण्यावर अवलंबून नव्हता, मालकाच्या रागावण्यावर होता. न खाल्लेलाही रागावल्यावर मान खाली घालतो. (मुख्याध्यापकाच्या खोलीत उभ्या केलेल्या पोरांबद्दल मला हे प्रयोगाविना ठाऊक होते, पण ते असो.) उलट २०१५ साली जपानी संशोधकांनी दाखवले की कुत्रा आणि मालक एकमेकांच्या डोळ्यांत बघत राहिले की दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन वाढते. आई आणि तान्हे बाळ यांच्या नात्यात जे द्रव्य काम करते तेच हे. म्हणजे ऊब खरी आहे. तिला जो अर्थ आपण देतो तो मात्र आपला.

आपल्या परंपरेत हे नव्याने आलेले नाही. दत्ताच्या पायाशी चार कुत्रे आहेत, खंडोबाबरोबर कुत्रा आहे, पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव आहेत. पण माझ्या मनात घर करून आहे ते महाभारत. त्याच्या आरंभीच, आदिपर्वात, जनमेजयाच्या यज्ञाच्या जागी आलेल्या एका कुत्र्याला राजाचे भाऊ मारतात. तो रडत आपल्या आईकडे, सरमेकडे जातो. ती विचारते, तू काही चाटलेस का, काही पाहिलेस का? तो नाही म्हणतो. मग ती यज्ञात येऊन विचारते, माझ्या निरपराध मुलाला का मारले? त्या राजपुत्रांजवळ उत्तर नसते. ते काही बोलत नाहीत, आणि सरमा शाप देऊन जाते. एवढ्या अवाढव्य ग्रंथाच्या उंबऱ्यावरच एक कुत्री प्रश्न विचारते आणि माणसे गप्प राहतात, याचे मला नेहमी नवल वाटते.

आणि शेवटी महाप्रस्थान. द्रौपदी पडते, सहदेव पडतो, नकुल, अर्जुन, भीम पडतात. भीम दर वेळी विचारतो, हिचे काय चुकले, याचे काय चुकले. युधिष्ठिर एकेकाचा दोष सांगतो आणि मागे वळून न पाहता चालतो. वाचताना अंगावर काटा येतो, इतका तो कोरडा आहे. मग इंद्र रथ घेऊन येतो, आणि मागे राहिलेल्यांची आठवण युधिष्ठिर काढतो खरी. पण तो हटून बसतो ते सोबत आलेल्या कुत्र्यासाठी. इंद्र त्याला टोचून विचारतो की भावांना आणि पत्नीला सोडलेस, मग याला का सोडत नाहीस? युधिष्ठिराचे उत्तर असे की ती सारी मेली होती, त्यांना मी उठवू शकत नव्हतो. जिवंत असताना मी त्यांना टाकले नाही. हा जिवंत आहे. कीर्तनकार या ठिकाणी 'तो कुत्रा म्हणजे साक्षात धर्म' असे सांगून मोकळे होतात. मला वाटते की तो धर्म होता हे कळण्याआधीचा क्षण मोठा आहे. वाटेवर जे रडणे झाले नाही ते सगळे त्या मुक्या सोबत्याभोवती गोळा झाले. तिथे कुत्रा काहीही करत नाही. तो फक्त मागोमाग चालत आलेला असतो. गंमत अशी की तिथे कुत्रा 'धर्म' आणि कन्नड चित्रपटात माणूस 'धर्म'. हे नाव ठेवणाऱ्याने महाभारत नक्कीच मनात ठेवले असणार. त्याबद्दल त्याला अर्धे गुण अधिक.

कन्नडमध्ये याच विषयाचा अगदी वेगळा सूर पाहायचा असेल तर पूर्णचंद्र तेजस्वी यांच्या 'कर्वालो'कडे (१९८०) जावे. तिथे किवी नावाचा कुत्रा आहे. किवी म्हणजे कान. तेजस्वींचा किवी कोणाच्या मनाची मलमपट्टी करत नाही. तो रानात हिंडतो, घोटाळे करतो, आपल्या नाकाच्या मर्जीने चालतो. निवेदकही त्याच्यावर आपली दुःखे लादत नाही. त्या कुत्र्याची सोबत वाचकालाही लाभते. ज्याला कन्नड वाचता येते आणि ज्याने हे वाचलेले नाही, त्याने सीमाभागात राहण्याचा निम्मा फायदा घेतलेला नाही, असे मी माझ्या सहकाऱ्यांना नेहमी सुनावतो.

मराठीत मात्र पाळीव कुत्रा आला की लेखणी एकतर विनोदाकडे वळते किंवा गहिवराकडे. पु. ल. देशपांडे यांचा 'पाळीव प्राणी' आठवून आजही हसू येते, आणि त्यात कुत्रा पाळणाऱ्यांच्या हौसेची जी फिरकी घेतली आहे ती आजच्या फ्लॅटसंस्कृतीत जास्तच लागू पडते. परंतु त्या हसण्याचा एक तोटा झाला. 'कुत्र्याशी बोलणारा माणूस' हा आपल्याला केवळ हौशी किंवा खुळा वाटू लागला. दुसरीकडे, दिवाळी अंकांतून 'आमचा टॉमी गेला' थाटाचे जे ललित लेख येतात, त्यांत टॉमी जन्मल्यापासून मरेपर्यंत एकदाही कोणावर भुंकत नाही. तो मालकाचे सारे ओळखतो, मालक रडला की रडतो, आणि मालकाने काही करावे अशी अपेक्षा कधीच ठेवत नाही. असा कुत्रा जगात नाही. असला तर त्याला कुत्रा म्हणू नये.

हे सारे मी आज एवढ्या ठामपणे लिहितो आहे, तेव्हा माझ्या स्वतःच्या वाचनाचा एक हिशेब इथे मांडणे भाग आहे.

२००४-०५ सालची गोष्ट. मी तेव्हा साधा मराठीचा शिक्षक होतो. नववीच्या सहामाहीत 'माझा आवडता प्राणी' हा निबंध दिला होता. एका खेड्यातून चालत येणाऱ्या मुलाने आपल्या मोत्याबद्दल लिहिले. संध्याकाळी वडील घरी आले की तो गोठ्यामागे जाऊन बसतो. मोत्या दारापर्यंत जाऊन येतो. शेपूट खाली असली की मोत्या म्हणतो, आज आत जाऊ नको. शेपूट हलत असली की म्हणतो, आज बाबा झोपलेत, जा, जेवून घे. असे काहीसे ते होते. शंभरावर वह्या तपासायच्या होत्या. मी समासात तांबड्या शाईने लिहिले: 'प्राणी बोलत नाहीत. कल्पना अवास्तव. ऱ्हस्वदीर्घाकडे लक्ष द्यावे.' आणि दहापैकी पाच गुण दिले. दहावीत दिवाळीच्या सुटीनंतर तो मुलगा शाळेत आला नाही. त्याचे काय झाले याची मी चौकशी केली नाही. अशी दर वर्षी दोन-चार मुले गळतात, असे आम्ही शिक्षक म्हणतो.

गेल्या वर्षी बाजारात एका टेम्पोवाल्याने हाक मारली. ''सर, वळखलासा काय?'' चेहरा ओळखीचा वाटला, नाव आठवेना. त्यानेच सांगितले. इकडचे तिकडचे बोलणे झाल्यावर, का कोण जाणे, मी मोत्याबद्दल विचारले. तो हसला. ''तेला जाऊन धा वर्सं झाली की सर. तुमी पाच मार्क दिल्तासा.'' मग म्हणाला, ''वही हाय अजून. आईनं ठेवल्या.'' मी म्हटले, एकदा दाखवशील का? आठवड्याने तो खरोखरच वही घेऊन शाळेत आला आणि माझ्या टेबलावर ठेवून, भाडे आहे म्हणून घाईने निघून गेला.

माझी तांबडी शाई फिकी होऊन गुलाबी झाली आहे. शेरा पहिल्या पानाच्या तळाशी आहे, गुणही तिथेच. निबंध तिथे संपतो असे मी तेव्हा धरून चाललो होतो. पान उलटले तर मागे अजून तीन ओळी होत्या. ऱ्हस्वदीर्घ सुधारून लिहायचे तर त्या अशा: 'मोत्या बोलत नाही हे मला माहीत आहे. मीच बोलतो. पण एकदा मी आत गेलो नाही तेव्हा तो रात्रभर भुंकला आणि कोणी आले नाही.'

त्या पानावर तांबड्या शाईचा ठिपकाही नाही.

वही न्यायला तो पुढच्या शनिवारी आला, तेव्हा शाळा सुटली होती. मी त्याला खुर्ची पुढे केली आणि शिपायाला दोन चहा सांगितले.